पाच-तीन-दोन कुठून आला? साम्य आणि नातं यांतला फरक

संशोधनाचा प्रस्ताव लिहायला बसलं की आपल्याला 'उगम' हा शब्द फार आवडतो. अमुक लोककलेचा उगम, तमुक सणाचा उगम. मग पेटच्या मुलाखतीत समोरून शांतपणे प्रश्न येतो, "हे त्यावरूनच आलं, हे तुम्ही कशावरून म्हणता?" आणि आपलं उत्तर बहुतेक वेळा एकच असतं, "सर, दोन्ही सारखंच आहे ना." गाडी तिथेच अडते. दोन गोष्टी सारख्या दिसणं आणि त्यांच्यात नातं असणं या वेगळ्या बाबी आहेत. त्यांतला फरक कसा ओळखायचा, यावर आजचा लेख आहे.

उदाहरण म्हणून पत्त्यांचा पाच-तीन-दोन हा खेळ घेतलाय. निरवांगीपासून नागपूरपर्यंत तो सगळ्यांना येतो, पण इतिहासाचा विषय म्हणून त्याकडे कुणी फारसं बघत नाही. साम्याच्या जवळजवळ सगळ्या जातींचे सापळे या एका खेळात सापडतात, म्हणून तो सरावाला चांगला.

आधी खेळ नीट समजून घेऊ

नियम सगळ्यांना माहीत असतात असं आपण धरून चालतो आणि ते लिहून काढत नाही. संशोधनात हे चालत नाही. म्हणून क्रमाने लिहितो.

भिडू तीन. बावन्न पत्त्यांतून दुर्री ते छक्की अशी २० पानं बाजूला काढायची. उरतात ३२. त्यांतून चौकट सत्ती आणि किलवर सत्ती काढायची, म्हणजे राहतात ३०. बदाम सत्ती आणि इस्पिक सत्ती मात्र खेळात राहतात. प्रत्येकाला १० पानं येतात, म्हणजे एका डावात १० हात होतात.

वाटणाऱ्याने २ हात करायचे, त्याच्या पुढच्याने ५ आणि तिसऱ्याने ३. आधी पाच-पाच पानं वाटतात. ज्याला पाच हात करायचेत तो आपली ती पाच पानं बघून हुकूम बोलतो. मग उरलेली पानं वाटतात. पहिली उतारी हुकूम बोलणाऱ्याची. ज्या रंगाची उतारी झाली त्याच रंगाचं पान टाकायचं, तो रंग हातात नसेल तर हुकमाने कापायचं नाहीतर दुसरं कुठलंही पान द्यायचं. मोठं पान ज्याचं त्याचा हात, आणि पुढची उतारीही त्याचीच.

पुढच्या डावाला वाटण्याची पाळी सरकते. काल ज्याला ५ करायचे होते तो आता वाटतो आणि २ वर येतो, ३ वाला ५ वर जातो, २ वाला ३ वर. तीन डावांत प्रत्येकाच्या वाट्याला ५, ३ आणि २ एकदा एकदा येतात. कुणावर अन्याय नाही.

आता या खेळाचा खरा आत्मा. समजा हुकूमवाल्याने ५ च्या जागी ७ हात केले, २ वाल्याचा १ च झाला आणि ३ वाल्याचे २ झाले. एकूण हात दहाच असल्यामुळे एकाचे जेवढे जास्त होतात, तेवढेच बाकीच्यांचे कमी होतात. हा हिशेब त्या डावात मिटवत नाहीत, पुढच्या डावात नेतात. पुढची पानं वाटून झाली की जास्तवाला कमीवाल्याच्या हातातून न बघता एक पान ओढतो आणि आपल्याकडचं नको असलेलं एक पान त्याला परत देतो. जेवढे हात येणं असतील तेवढी पानं. बिचाऱ्याचा एक्का गेला आणि बदल्यात अठ्ठी आली, की मग आरडाओरडा. ज्याचे हात अंगावर आहेत तो कमजोर पानांनी खेळतो आणि बऱ्याचदा पुन्हा कमी पडतो. कर्जातून बाहेर पडायला त्याला पाच हातांच्या पाळीची वाट बघावी लागते.

म्हणजे खेळात दोन तत्त्वं आहेत. पाळी फिरत राहते, आणि येणं-देणं पुढच्या डावात चालू राहतं. ही दोन्ही लक्षात ठेवा.

पहिला सापळा : आकड्यांचं साम्य

विज्ञानाच्या विद्यार्थ्याला २, ३, ५ दिसले की लगेच फिबोनाची आठवतो. १, १, २, ३, ५, ८ ही ती मालिका. आणि ब्रिटिश सैन्यात, विशेषतः हवाई दलात, लोकप्रिय असलेला 'सार्जंट मेजर' नावाचा तीन भिडूंचा खेळ आहे, त्यात हातांचे आकडे आहेत ८, ५, ३. झालं! फिबोनाचीचं गूढ सापडलं, असा लेख समाजमाध्यमावर टाकायला दहा मिनिटं पुरतात.

पण थोडं मोजून बघा. दहा हात तिघांत अशा रीतीने वाटायचेत की प्रत्येकाचा आकडा वेगळा हवा आणि कुणालाही शून्य नको. किती प्रकारे जमेल? फक्त चार : ७-२-१, ६-३-१, ५-४-१ आणि ५-३-२. यांपैकी पहिल्या तिन्हीत एका भिडूला फक्त एकच हात करायचाय. त्याच्यासाठी डावात फारसा रस उरत नाही. चारपैकी सर्वांत समतोल वाटणी ५-३-२ हीच आहे. तेव्हा तीन भिडू, दहा हात आणि वेगवेगळे वाटे एवढं ठरलं की खेळून खेळून माणसं या आकड्यांवर येण्याची शक्यता मोठी. त्यासाठी फिबोनाची लागत नाही, आणि कुणाकडून उसनंही घ्यावं लागत नाही.

हाच तर्क ८-५-३ ला लावून बघा. सोळा हातांची ७-५-४ ही वाटणी ८-५-३ पेक्षा जास्त समतोल आहे. म्हणजे 'समतोल वाटणी' हे कारण एका ठिकाणी पुरतं, दुसऱ्या ठिकाणी पुरत नाही. आपलं स्पष्टीकरण कुठपर्यंत चालतं आणि कुठे थांबतं, हे आपणच तपासून लिहायचं असतं. परीक्षकाने दाखवून देण्याची वाट बघायची नाही.

दुसरा सापळा : जवळच्या गोष्टीचं साम्य

आमच्या भागात, म्हणजे नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर चालणाऱ्या बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात, 'शेजपाळी' हा शब्द शेतकऱ्याच्या रोजच्या बोलण्यातला. कालव्याचं पाणी ठरलेल्या क्रमाने एकेकाच्या शेताला मिळतं, ती शेजपाळी. आता पत्त्यातही पाळी फिरते, पाण्याचीही फिरते. तिथेही कुणाचं पाणी राहिलं तर येणं-देणं असतं. मग पाच-तीन-दोन हा पाणीवाटपाच्या संस्कृतीतून आला, असं म्हणावं का? ऐकायला फार छान वाटतं. स्थानिक आहे, शेतीशी जोडलेलं आहे, प्रस्तावात शोभून दिसेल.

पण पाळी सगळीकडेच असते. दळणाला, रेशनला, आडावर पाणी भरायला. एखादी मर्यादित गोष्ट अनेकांना वापरायची असेल तर पाळी लावण्याशिवाय फार मार्ग नाहीत. जे साम्य गरजेपोटी कुठेही तयार होऊ शकतं, त्यावरून नातं सिद्ध होत नाही. जीवशास्त्रवाल्यांना हे लगेच पटेल. वटवाघळाला पंख आहेत आणि फुलपाखरालाही आहेत, कारण दोघांना उडायचंय. त्यावरून आपण त्यांना भाऊ म्हणत नाही.

मग पुरावा कशाला म्हणायचं?

बहुपर्यायी परीक्षेतलं उदाहरण घ्या. दोन मुलांची ऐंशी उत्तरं सारखी आली आणि ती सगळी बरोबर आहेत. कॉपी झाली का? सांगता येत नाही. दोघांनी अभ्यास केला असेल. पण दोघांची वीस उत्तरं चुकली आणि वीसच्या वीस ठिकाणी दोघांनी एकच चुकीचा पर्याय निवडला, तर पर्यवेक्षक दोघांना बोलावणारच. बरोबर उत्तर एकच असतं, तिथे दोघं आपापल्या वाटेने पोचू शकतात. चुकायला मात्र अनेक वाटा असतात. दोघं नेमके एकाच वाटेने चुकले, तर कुणीतरी कुणाचं बघितलंय, किंवा दोघांनी तिसऱ्याचं.

पोथ्यांच्या पाठचिकित्सेचा पायाही साधारण हाच. पुण्यात भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार केली, तेव्हा शेकडो हस्तलिखितं ताडून बघावी लागली. शुद्ध पाठ दोन पोथ्यांत सारखा असला तर तो मूळचा असू शकतो. पण एकच विचित्र चूक किंवा एकच जादा भर दोन पोथ्यांत असेल, तर त्या दोन पोथ्या एका घराण्याच्या असण्याची शक्यता वाढते.

याचं सूत्र करायचं तर : गरजेपोटीचं साम्य कमकुवत, विनाकारणाचं साम्य भक्कम. एखादी गोष्ट वेगळी असती तरी काही बिघडलं नसतं, आणि तरीही ती दोन ठिकाणी तशीच आहे, तर तिथे थांबून बघायचं.

हे सूत्र पत्त्यांत खरंच चाललेलं आहे

सावंतवाडीची गंजिफा आपल्याला माहीत आहे. गोल, हाताने रंगवलेली पानं. राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी १९७० च्या दशकात ती कला पुन्हा उभी केली. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात बारा पानं, एकूण १२०. तिघांनी खेळायचं, प्रत्येकी ४० पानं. हात करण्याचाच खेळ, पण हुकूम नाही. त्याआधीच्या मुघल गंजिफेत आठ रंग आणि ९६ पानं होती.

या गंजिफेत एक विचित्र नियम आहे. निम्म्या रंगांत राजा आणि प्रधानानंतर दहा मोठा, मग नऊ, आठ असं खाली एक्क्यापर्यंत. उरलेल्या निम्म्या रंगांत उलटं. तिथे एक्का मोठा आणि दहा सर्वांत लहान. खेळायला याची काहीही गरज नाही. उलट नवख्याचा गोंधळ होतो.

आणि हाच उलटा क्रम युरोपातल्या टॅरोच्या जुन्या खेळात आहे. टॅरो म्हटलं की आपल्याला भविष्य सांगणारी पानं आठवतात, पण पंधराव्या शतकातल्या उत्तर इटलीत तो हात करण्याचा खेळ होता. त्यात तलवार आणि दंड या रंगांत दहा मोठा, तर पेला आणि नाणं या रंगांत एक्का मोठा. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ मायकेल डमेट यांनी टॅरोच्या इतिहासावर १९८० मध्ये मोठा ग्रंथ लिहिला, त्यात या साम्याला त्यांनी महत्त्व दिलं. इटली आणि हिंदुस्थान इतके दूर, पानांचे आकार वेगळे, चित्रं वेगळी, पण ही विनाकारणाची गोष्ट सारखी. म्हणजे दोन्हीचा कुठेतरी समान पूर्वज असण्याची शक्यता भक्कम होते.

आता सूत्र आपल्या खेळाला लावू

एक : सत्त्या. ३२ पानांतून दोन काढायची होती. चार सत्त्यांपैकी कुठल्याही दोन काढल्या तरी खेळ तसाच चालला असता. असे पर्याय सहा आहेत. तरीही महाराष्ट्रात बदाम आणि इस्पिकच्या सत्त्या ठेवतात, आणि उत्तर भारतात 'तीन-दो-पाँच' म्हणतात त्या खेळातही याच दोन सत्त्या ठेवतात. नावातला क्रम उलटसुलट झालाय, सत्त्या मात्र त्याच. हे विनाकारणाचं साम्य. आपला पाच-तीन-दोन आणि हिंदी पट्ट्यातला तीन-दो-पाँच एकाच घरातले आहेत असं म्हणायला सत्ती हा आकड्यांपेक्षा चांगला पुरावा आहे.

दोन : येणं पुढच्या डावात पानांनी वसूल करणं. ही गरज नाही. जास्त-कमी हातांचे गुण मांडता आले असते, पैसे लावता आले असते. सार्जंट मेजरमध्ये ५२ पानं, प्रत्येकी १६, मधे चार शिल्लक, म्हणजे ढाचा वेगळा. पण तिथेही जास्तवाला कमीवाल्याकडून पुढच्या डावात पानं घेतो. फरक घेण्याच्या रीतीत आहे. आपण न बघता ओढतो, म्हणजे नशिबावर सोडतो. तिथे जास्तवाला एखाद्या रंगाचं हलकं पान देतो आणि कमीवाल्याला त्याच रंगातलं आपलं सर्वांत मोठं पान परत द्यावं लागतं. सावकारी तिकडे जास्त कडक!

तर सार्जंट मेजर आणि पाच-तीन-दोन यांचं नातं असेल, तर ते ८-५-३ आणि ५-३-२ या आकड्यांवरून म्हणायचं नाही, वसुलीच्या या नियमावरून म्हणायचं. आणि एवढंच म्हणायचं. गोऱ्या सैनिकांनी हा खेळ इथून नेला की इथे आणला, हे साम्य सांगू शकत नाही. साम्याला दिशा नसते. 'त्यांनी आपला खेळ चोरला' आणि 'आपण सगळं साहेबाकडून शिकलो' ही दोन्ही वाक्यं एकाच पुराव्यावर तितक्याच जोरात म्हणता येतात. म्हणूनच दोन्ही निरुपयोगी.

दिशेसाठी तारीख लागते, आणि तारखेचाही अर्थ जपून लावायचा. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. त्यावरून गंजिफा १५२७ मध्ये होती एवढं कळतं, १५२७ मध्ये सुरू झाली असं नाही. पहिली नोंद आणि पहिली घटना यांत कित्येक पिढ्या जाऊ शकतात.

शब्दांचं साम्य

भाषेच्या विद्यार्थ्यांसाठी हा भाग. डच भाषेत किलवरला 'क्लावर' म्हणतात. डचांची वखार वेंगुर्ल्याला १६३७ पासून होती, सावंतवाडीच्या शेजारीच. सगळं कसं जुळून येतंय! पण एका शब्दावर थांबू नका, पूर्ण संच बघा. डचमध्ये इस्पिकला 'स्खोपन', बदामला 'हार्टन' आणि चौकटला 'राउटन' म्हणतात. आपल्या तिन्ही शब्दांशी काहीच जुळत नाही. शिवाय त्या चिन्हासारख्या तीन पानांच्या वनस्पतीला इंग्रजीत 'क्लोव्हर' म्हणतात, तीही वाट उघडी आहे. चारांतला एक जुळणारा शब्द हा पुरावा नव्हे, शोधाची सुरुवात आहे.

याउलट 'नाइब' बघा. १३७७ मध्ये फ्लोरेन्स शहराने पत्त्यांच्या खेळावर बंधन घातलं, त्यात खेळाचं नाव 'नाइब्बे' असं आहे. अरबीत नाइब म्हणजे दुय्यम अधिकारी. आणि इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात मिळालेल्या मामलुक काळातल्या पत्त्यांवर 'नाइब' हा हुद्दा प्रत्यक्ष लिहिलेला आहे. एल. ए. मायर यांनी १९३९ मध्ये त्या पत्त्यांवर लेख प्रसिद्ध केला. शब्द, वस्तू आणि तारीख असे तीन वेगळे धागे एकाच जागी येतात, तेव्हा युरोपात पत्ते इस्लामी जगातून आले या म्हणण्याला वजन येतं.

आपल्या घरचं एक निरीक्षणही नोंदवून ठेवा. हिंदीत 'हुकुम का इक्का' म्हणजे इस्पिकचा एक्का. मराठीत इस्पिक वेगळं आणि हुकूम वेगळा. आपल्याकडे हुकूम कुठल्याही रंगाचा असू शकतो. एकच अरबी-फारसी शब्द, दोन भाषांत दोन कामं. सत्त्या सांगतात की खेळ एका घरातला, आणि हा शब्द सांगतो की शब्दांचा प्रवास खेळापेक्षा वेगळा असू शकतो.

तुम्हाला काही करता येईल का?

हो, आणि लवकर करायला हवं. या नियमांची कागदपत्रं जवळजवळ नाहीत. ते माणसांच्या आठवणीत आहेत. आता संध्याकाळी पारावर पत्त्यांच्या डावापेक्षा मोबाईल जास्त दिसतात, आणि मोबाईलवरच्या खेळात नियम एकाच साच्याचे होतात. घराघरातला फरक, जो आपला कच्चा माल, तो आधी जातो.

जागा निवडताना माणसांची ये-जा कुठे झाली ते बघा. इंदापूर तालुक्यापुरतं बोलायचं तर निरवांगीसारखं शेतीचं गाव, १९३० च्या दशकापासून कारखान्यामुळे बाहेरून माणसं येऊन वसलेलं वालचंदनगर, आणि बीड-नगरकडून हंगामाला येणाऱ्या ऊसतोड कामगारांच्या कोप्या, अशा तीन ठिकाणचे नियम शेजारी शेजारी ठेवले तरी एक चांगला लघुप्रबंध होईल. विचारायचं ते असं :

कुठल्या सत्त्या ठेवता? वाटणाऱ्याला किती हात? पानं उजवीकडून वाटता की डावीकडून? हुकूम किती पानं बघून बोलतात? पान ओढायचं ते हुकूम बोलण्याआधी की नंतर? परत देताना कुठलंही पान चालतं की त्याच रंगाचं द्यावं लागतं? ओढलेलं पानच परत देता येतं का? तुम्ही हा खेळ कुणाकडून शिकलात आणि ती व्यक्ती कुठली?

शेवटचा प्रश्न कधी गाळू नका. आजी-आजोबांना, मावशी-काकांना विचारताना "बरोबर नियम काय?" असं म्हणू नका, "तुमच्याकडे कसं खेळायचे?" असं म्हणा. पहिल्या प्रश्नावर माणूस भांडतो किंवा गप्प बसतो. दुसऱ्यावर बोलतो. शक्यतो एक डाव खेळूनच बघा, कारण सांगताना विसरलेला नियम खेळताना हाताला आठवतो.

मग तक्ता करा आणि प्रत्येक नियमापुढे एकच शेरा लिहा : हा गरजेपोटीचा की विनाकारणाचा? विनाकारणाच्या रकान्यात जे जुळेल, तिथून तुमचा प्रस्ताव सुरू होतो. कुणी हा तक्ता आपल्या गावाचा केला तर खाली टिप्पणीत टाका. वेगळ्या सत्त्या ठेवणारं गाव सापडलं तर मला सर्वांत जास्त आनंद होईल.